एक मिनिट कुणी हलू नका

(एका महाविद्यालयीन व्याख्यानमालेत विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही वर्गातल्या नऊ जणांनी मिळून एक लघुपट केला. तो 11 मिनिटांचा आहे. त्यात माझं नाव शेवटच्या पाटीवर एकदाच येतं, 'ध्वनी' या शब्दापुढे. मी कॅमेऱ्याला हात लावला नाही, संवाद लिहिले नाहीत, पडद्यावरही कुठे दिसत नाही. तीन दिवस कानाला हेडफोन लावून होते, त्यातला बराच वेळ टोकाला माइक बांधलेला बांबू हातात धरून उभी. तेव्हा आज मी त्या बांबूच्या टोकापासूनच बोलणार आहे. तिथून मला जे ऐकू आलं, ते अजून कानातून गेलेलं नाही.

गोष्ट कशावर करायची यात आमचे दोन आठवडे गेले. पहिल्या पाचही कल्पना कॉलेजच्या कट्ट्यावर सुरू होत होत्या आणि तिथेच संपत होत्या. सहावी आमच्या दिग्दर्शिकेने आणली. ती मिरजेची. तिच्या आजीचा तानपुरा घरी माळ्यावर पडून होता, दोन तारा तुटलेल्या, भोपळ्यावर धूळ. तो विकून टाकावा असं घरात चाललं होतं. ती म्हणाली, "एक मुलगी तानपुरा विकायला कारागिराकडे येते. तो म्हणतो, आधी जवारी काढतो, मग वीक. बस्, एवढंच." आम्ही विचारलं, पुढे काय होतं? ती म्हणाली, "तो जवारी काढतो."

आमच्यातल्या निम्म्या जणांना जवारी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मी त्यातलीच. म्हणून शूटिंगच्या आधी आम्ही चार वेळा मिरजेला गेलो, नुसते बसायला.

मिरज हे जंक्शन आणि दवाखान्यांचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत असतं. पण तिथल्या सतारमेकर गल्लीत दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तानपुरे घडतात. हे काम सुरू करणारे फरीदसाहेब मूळचे शिकलगार घराण्यातले, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांची मागणी ओसरली, संस्थानात गाणारे-वाजवणारे येत-जात होते, त्यांची वाद्यं दुरुस्त करता करता हा हात वाद्यांकडे वळला. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले आणि इथल्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तिथे उरुसात आजही गाणारे हजेरी लावतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, आणि ते नुसते मोठे असून भागत नाही, त्यांचा घेर आणि सालीची जाडी बघून कुठला भोपळा पुरुषी आवाजाच्या तानपुऱ्याला, कुठला बायकांच्या, हे ठरतं. हे सगळं आम्हाला कारखान्यातल्या चाचांनी सांगितलं. आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणत होतो. त्यांनी आम्हाला जागा दिली, वेळ दिला, आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला. एकच अट घातली, "काम थांबणार नाही. तुम्ही तुमचं करा, आम्ही आमचं करू."

त्या अटीचा अर्थ मला पहिल्या दिवशी संध्याकाळी कळला.

पहिला दिवस सगळ्यांना फार छान गेला असं वाटलं होतं. कॅमेरा म्हणजे आमच्यातल्या एकाचा फोन. त्याने अभ्यास केला होता. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. फोन आपल्या मनाने सेकंदाला 30 चित्रं घेत राहिला तर चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. त्याने 25 चित्रं आणि पन्नासांश सेकंदाचा शटर लावला, पट्टे गेले. खिडकीतून येणारा उजेड थर्मोकोलच्या पांढऱ्या शीटवरून परतवून चाचांच्या हातांवर पाडला. भिंतीवर ओळीने टांगलेले अर्धवट तानपुरे, जमिनीवर लाकडाचा भुसा, लाखेचा वास. पडद्यावर वास येत नाही एवढीच खंत होती.

संध्याकाळी दिग्दर्शिकेच्या घरी लॅपटॉपवर सगळं बघायला बसलो. चित्र सुरेख. आणि आवाज? पंख्याची घरघर. शेजारच्या दुकानातला ग्राइंडर. गल्लीतून जाणारी प्रत्येक मोटरसायकल. दर थोड्या वेळाने जंक्शनवरचा इंजिनाचा भोंगा. आमची मुख्य पात्र असलेली मुलगी हळू आवाजात म्हणते, "आजी गेली त्याला दोन वर्षं झाली," आणि 'आजी'नंतर भोंगाच ऐकू येतो.

त्यातही एक गंमत अशी, की फोन स्वतःचं डोकं चालवतो. कुणी बोलत नसलं की तो आपोआप आवाजाची पातळी वाढवतो, त्यामुळे जिथे शांतता हवी तिथेच पंखा मोठा होत जातो. मी रेकॉर्डर वेगळा ठेवला होता, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या दादांकडून मागून आणलेला. पण मी माइक खोलीच्या कोपऱ्यात एका स्टुलावर ठेवून दिला होता, कारण तो फ्रेममध्ये दिसायला नको. मला वाटलं होतं माइक म्हणजे कान, खोलीत कुठेही असला तरी ऐकेल. तसं नसतं. माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. खोलीतला गोंगाट मात्र सगळीकडून सारखाच येत राहतो. आपलं माणूस लांब जातं आणि गर्दी तिथेच राहते.

त्या रात्री कुणी मला काही बोललं नाही. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. अख्खा दिवस फुकट गेला होता आणि तो माझ्यामुळे गेला होता, हे नऊही जणांना दिसत होतं. दिग्दर्शिकेने फक्त विचारलं, "उद्या तुला काय लागेल?" मी म्हटलं, पहाट. आणि एक बांबू.

पहाट का, ते सांगते. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा', 14 मार्च 1931 रोजी मुंबईत मॅजेस्टिकमध्ये लागला. अर्देशीर इराणींनी तो ज्या स्टुडिओत केला त्याच्या शेजारून रेल्वेचे रूळ जात होते. आवाज चित्राबरोबर तिथेच घ्यायचा होता, म्हणून बरंचसं काम गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर एक ते चारच्या दरम्यान केलं, आणि माइक नटांच्या आसपास दिसणार नाहीत असे लपवून ठेवले. हे मी वर्गात ऐकलं होतं, वहीत लिहिलंही होतं. परीक्षेत आलं असतं तर दोन मार्क मिळाले असते. त्या रात्री मिरज जंक्शनचा भोंगा ऐकत गादीवर पडले असताना ते वाक्य पहिल्यांदा माझ्या कामाचं झालं. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी याच अडचणीत रात्र काढली होती.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता कारखाना उघडला. चाचांची अट तीच होती, काम थांबणार नाही; पण ते म्हणाले, "मग आम्हीच लवकर येतो." दोन कारागीर आणि ते स्वतः, चहा घेऊन हजर. पंखा बंद. शेजारचा ग्राइंडर दहाशिवाय सुरू होत नव्हता. मी सात फुटी बांबूच्या टोकाला माइक बांधला होता, त्यावर स्पंज, हादरे जाऊ नयेत म्हणून रबर बँडची झोळी. बांबू डोक्यावर आडवा धरायचा, माइक फ्रेमच्या वरच्या कडेच्या चार बोटं बाहेर. कॅमेरावाला बोटाने खूण करणार, वर, आणखी वर, बस्. एक टेक दोन मिनिटांचा असला तरी दंडात गोळे येतात, आणि गोळे आले की बांबू थरथरतो, आणि थरथर रेकॉर्ड होते. आमचा वेशभूषा बघणारा मित्र माझ्या मागे उभा राहून माझ्या दोन्ही कोपरांना खालून हात लावायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. त्याचं काम तसं संपलेलं होतं.

पहिला संवाद झाला. दिग्दर्शिकेने 'कट' म्हटलं. सगळे हलायला लागले तेवढ्यात मी म्हटलं, "एक मिनिट कुणी हलू नका."

प्रत्येक जागेची स्वतःची एक शांतता असते, ती वेगळी घेऊन ठेवावी लागते. नंतर संकलनात दोन वाक्यांच्या मधला आवाज कापला तर तिथे खड्डा पडतो, पूर्ण निःशब्द, कान लगेच ओळखतो. तो खड्डा त्याच खोलीच्या शांततेने बुजवायचा. म्हणून सगळ्यांनी, नटांनी, कारागिरांनी, चाचांनी, आहे तिथे, आहे तसं, एक मिनिट थांबायचं. मी हेडफोन दाबून धरले. आधी कुणाचा तरी श्वास. मग छपराच्या पत्र्यावर उन्हाने येणारी बारीक टिकटिक. लांब एक कावळा. आणि त्याच्याखाली काहीतरी होतं, अगदी मंद, आवाज म्हणावा का असं. मला वाटलं वायरमध्ये बिघाड आहे. वायर हलवली, गेलं नाही.

मिनिट झाल्यावर मी चाचांना विचारलं. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. टांगलेल्या तानपुऱ्यांपैकी पाच-सहांना तारा चढवलेल्या होत्या. ते म्हणाले, "आपण बोललो ना आत्ता, ते अजून बोलतायत." मग ते भिंतीपाशी गेले आणि एका तानपुऱ्याच्या भोपळ्याजवळ तोंड नेऊन नुसतं 'सा' म्हणाले, आणि सरकले. तारेला कुणी हात लावला नव्हता. तार गात होती.

आमच्यातलं कुणीच बराच वेळ बोललं नाही. आमची अभिनेत्री, जिला सकाळपासून तो एक संवाद जमत नव्हता, ती उठली आणि त्या भोपळ्याला कान लावून उभी राहिली. कॅमेरावाल्याने न सांगता फोन उचलला. तो शॉट पटकथेत नव्हता. आज लघुपटाची सुरुवात त्याच शॉटने होते.

आता जवारीचं सांगते, कारण आमचा सगळा लघुपट तिच्यावर उभा आहे. तानपुऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, जी घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला नावापुरता ढाळ दिलेला असतो. तार त्या ढाळावर टेकते-न टेकतेशी राहिली पाहिजे. टेकली तर आवाज मुका, सुटली तर कोरडा. चाचा कानशीचे दोन हात मारायचे, अंगठ्याने भुकटी पुसायचे, तार छेडायचे, डोळे मिटायचे. पुन्हा दोन हात. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवायचा, तो केसभर पुढे, केसभर मागे. एका क्षणी, आणि तो क्षण दिसत नाही, ऐकूच येतो, तार उघडते. एका स्वरातून दहा स्वर बाहेर पडतात. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेतून गंधार, म्हणजे 'ग', ऐकू यायला लागतो, जो कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकायला मला तीन दिवस लागले. एकदा ऐकू आला आणि मग प्रत्येक वेळी ऐकू यायला लागला.

आम्ही जवारीचा प्रसंग अकरा टेकमध्ये घेतला. हातांचा क्लोज-अप, चेहऱ्याचा क्लोज-अप, मुलीचा चेहरा, दारातून पूर्ण खोली. सगळे खूश. तिसऱ्या दिवशी उरलेले शॉट झाले, ते काही विशेष नव्हते, रस्ता, रिक्षा, जिना.

खरी परीक्षा संकलनात झाली. चित्राची कंटिन्युइटी सांभाळायला आमच्याकडे एक मैत्रीण होती, वही घेऊन बसलेली. कानशी कुठल्या हातात, चहाचा कप भरलेला की रिकामा, ओढणी कुठल्या खांद्यावर, तिने एक चूक होऊ दिली नाही. पण सुराची कंटिन्युइटी कुणी लिहिली नव्हती. ऊन चढलं तसं तारा उतरत गेल्या. चाचा मधूनमधून खुंटी पिळून मिळवत होते, पण दर वेळी केसभर फरक. हातांच्या शॉटमधला तानपुरा आणि चेहऱ्याच्या शॉटमधला तानपुरा एकामागून एक जोडला, की चित्र एकसंध आणि आवाज ठेचकाळलेला. ज्याला गाण्यातलं काही कळत नाही त्यालाही कळेल की काहीतरी तुटलं.

इथे आमचं भांडण झालं. लपवण्यात अर्थ नाही, कारण वर्गमित्रांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाचं ते होणार आहे. संकलक म्हणाला, इंटरनेटवरून तयार तानपुरा घेऊ आणि सगळ्याच्या खाली टाकू, कुणाला कळतंय. मी म्हटलं, हा लघुपट ज्या एका गोष्टीबद्दल आहे तीच खोटी घालायची? तो म्हणाला, याच आठवड्यात प्रोजेक्ट जमा करायचा आहे, तुला वास्तवाचं भान नाही. शब्द वाढले. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि शाळेपासून एका बाकावर बसणारे आम्ही दोघं. त्याचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. सात रात्री तो जागा होता. थकलेल्या माणसाला जो मार्ग दिसतो तो त्याने सांगितला.

वाट काढली दिग्दर्शिकेने. तिने सगळं कापलेलं बाजूला ठेवून चेहऱ्याचा एकच टेक लावला, चार मिनिटांचा, न कापलेला. त्यात चाचांचे हात दिसत नाहीत. कानशीचा आवाज येतो, तार छेडल्याचा येतो, आणि समोर फक्त ती मुलगी. सुरुवातीला ती घाईत आहे, घड्याळ बघते. मग नुसतं ऐकते. तार उघडते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने केलेलं नाही, ते झालेलं आहे. त्या टेकमध्ये तीही तो गंधार पहिल्यांदाच ऐकत होती. आम्ही तो टेक 'लांब झाला' म्हणून बाजूला टाकला होता. पटकथेत त्यानंतर तिचा एक संवाद होता, 'मला नाही विकायचा.' लेखकाने स्वतःहून सांगितलं, काढून टाका. आपण लिहिलेलं सगळ्यात आवडतं वाक्य आपल्या तोंडाने काढायला सांगणं सोपं नसतं, आणि त्याने ते एका श्वासात सांगितलं. संकलकाने तो संवाद काढला, मागे वळून मला म्हणाला, "खड्डा पडलाय. तुझी ती शांतता दे." आमचं बोलणं असं सुरू झालं.

कॉलेजात जमा करायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही लघुपट चाचांना दाखवायला नेला. कारखान्यात लॅपटॉप एका पेटीवर ठेवला, एक बरा स्पीकर जोडला. कारागीर, त्यांच्या घरची मंडळी, गल्लीतली मुलं, दाराशी चपलांचा ढीग. चाचा आपल्या रोजच्या जागी बसले. मुलं पडद्यावर स्वतःची गल्ली बघून ओरडत होती. चाचांनी जवारीचा प्रसंग आल्यावर डोळे मिटले. चार मिनिटं ते पडद्याकडे बघतच नव्हते.

संपलं. टाळ्या झाल्या. त्यांनी डोळे उघडले, दिग्दर्शिकेच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, फार सुंदर. पण जोडीतली दुसरी तार उतरलीय. शेवटाला."

मी लावून बघितलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, मधल्या दोन तारा एकाच षड्जात, म्हणजे 'सा'त, मिळवतात, आणि त्या किंचितही वेगळ्या झाल्या तर आवाजात एक हेलकावा येतो. शेवटच्या वीस सेकंदांत तो होता. महिनाभर आम्ही नऊ जण तो तुकडा शेकडो वेळा ऐकत होतो. शेवटी पडदा काळा होतो आणि नुसता तानपुरा राहतो, तिथे तर तो स्पष्ट होता.

चाचा म्हणाले, कुणाला कळणार नाही, राहू द्या. तेव्हा संकलकाने, त्याच आमच्या संकलकाने, विचारलं, "चाचा, उद्या पहाटे पाचला याल?"

ते आले. दिग्दर्शिका आजीचा तानपुरा घरून घेऊन आली, तोवर तो तिच्या खोलीत, खिडकीशेजारी राहायला आला होता. चाचांनी काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, मिळवला, जोड पुन्हा पुन्हा तपासला, मांडीवर घेतला. अंधार होता, दिवा लावला नाही, चित्र घ्यायचंच नव्हतं. मी माइक भोपळ्यापासून वीतभर अंतरावर धरला. मागून कोपरांना हात लागले. जंक्शनवर एक गाडी सुटत होती, ती गावाबाहेर जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग संकलक, जो आजवर कधी शूटिंगला आला नव्हता, तो दारातून हळूच म्हणाला, "एक मिनिट कुणी हलू नका."